मुंडन

अणुवीज केंद्रातून बाहेर पडायच्या दारातलं किरणोत्सार तपासणारं यंत्र चौथ्यांदा वाजलं, तेव्हा साहेबांनी वस्तरा मागवला. तीनदा आंघोळ करूनही माझ्या केसांतला किरणोत्साराचा अंश निघत नव्हता. सकाळी आत सांडलेलं पाणी पुसायला जाताना मला फाटकी टोपी मिळाली होती. "आजचा दिवस भागव," ठेकेदार म्हणाला होता.

केस गेले, मग मिशी गेली. पिवळ्या पिशवीच्या तळाशी ते झोपलेल्या मांजरासारखे दिसत होते. पाचव्यांदा यंत्र गप्प राहिलं.

"आता स्वच्छ आहेस. घरी जा," साहेब म्हणाले.

दुपारच्या उन्हात आमचं घर पाण्यावर तरंगल्यासारखं दिसत होतं. बाबा ओटीवर डुलक्या घेत होते. त्यांनी डोळे उघडले, माझं तुळतुळीत डोकं पाहिलं. मग स्वतःचे हात, गुडघे चाचपले.

"मी गेलो का रे?" त्यांनी विचारलं. घाबरून नाही. एसटी सुटली का, असं विचारावं तसं.

"नाही बाबा. कुणीच गेलं नाही."

"मग हे कुणासाठी?"

मी चपला काढून ओटीवर चढलो. ते हसले. "जावळ काढलं तेव्हाही असाच दिसायचास." गुडघ्यांना लावायच्या बाटलीतलं तेल त्यांनी तळहातावर घेतलं आणि मला पुढ्यात बसवलं.

त्यांचा हात डोक्याजवळ आला. शेवटच्या वेळी यंत्र वाजलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी मान मागे घेतली.

तेल त्यांच्या बोटांमधून ओटीवर ठिबकत राहिलं.