कोपराची पिन

टक् असा आवाज झाला आणि बाहुल्याचा उजवा हात कोपरापासून तुटून तातायच्या, म्हणजे रोसेंदाच्या बापाच्या, मांडीवर पडला.

“झालं समाधान?” नानाय चुलीपाशी सुकी मासळी तळत होती, ती तिथूनच ओरडली. “पस्तिशीची घोडी झालीस, इंदाय, आणि आजारी बापाच्या हातात खेळणी देतेस!”

घरात जिला लाडाने इंदाय म्हणत, त्या रोसेंदाचं आईकडे लक्षच नव्हतं. चूक तिचीच होती. पिन ढिली होती म्हणून काल तिने त्यावर गोंदाचा थेंब सोडला होता. गोंद वाळेपर्यंत सांधा सारखा हलवत राहायचं असतं, हे फिलिपिन्सच्या सेबू शहरातलं, बाहुले बनवणारं कुठलंही शेंबडं पोर सांगेल. पण नानायने जेवायला हाक मारली आणि ही बया बाहुला तसाच ठेवून उठली. सांधा आखडून बसला. आज तातायने जोर लावला आणि पिन मोडली.

जुन्या बाजारात मिळालेल्या कुठल्याशा योद्ध्याच्या धडावर तिने बापाचं डोकं बसवलं होतं. तेच टक्कल, तेच एकदा फुटून वाकडं झालेलं नाक. मुठीत काठी म्हणून दातकोरणी. काठीच्या लढतीत सगळ्या मोहल्ल्यात ज्याच्यासमोर कुणी टिकत नव्हतं, त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. म्हाताऱ्याला जरा गंमत वाटेल, एवढाच तिचा विचार.

पण ताताय हसला नाही. त्याने डाव्या हाताने बाहुल्याचा एक पाय मागे सरकवला. कंबर वळवली. खांदा खाली घेतला. हा पवित्रा रोसेंदाने त्याला कधीच घेताना पाहिला नव्हता; ती पुढे वाकली. गुरूचा शेवटचा डाव एकाच वारसाला मिळतो, तोही दार लावून. तिला तो यंदा मिळायचा होता, तेवढ्यात बापाला झटका आला. डाव त्याच्याबरोबरच जाणार, असं धरून ती मनातल्या मनात रडून मोकळीही झाली होती. आणि आता बाप तोच डाव बाहुल्याच्या अंगावर मांडत होता. राहिला होता फक्त कोपर.

“ताताय, तसाच धरा त्याला. बाकी काही हलू देऊ नका.”

तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून लॉलीपॉप आणला, गोळी दाताने फोडून टाकली आणि प्लास्टिकची भरीव काडी पुसून घेतली. भोकात अडकलेला जुन्या पिनेचा तुकडा बारीक गिरमिटाने कोरून काढला. काडी कापली, पॉलिश पेपरवर घासली, घालून पाहिली. हात लटकन खाली पडला. जास्त घासली गेली होती.

“नीट कर की गं,” नानाय म्हणाली. ती केव्हा येऊन पाठीशी उभी राहिली होती, कळलंच नाही. “त्यांच्या हाताला रग लागलीय.”

तातायने तरी बोटं सोडली नव्हती. रोसेंदाने दुसरा तुकडा कापला. या वेळी चार वेळा घासायची आणि एकदा घालून बघायची. बाहुल्याचा तुटका हात गरम पाण्यात धरून मऊ केला, कोपराशी जुळवला आणि पिन दाबून आत घातली. मग बाहेर आलेल्या टोकाला लायटरची धग दाखवली. जास्त झाली तर सगळंच वितळून एक होणार, मग हात जन्मभर हलायचा नाही. टोक ओलसर चमकलं, तसा तिने त्यावर थंड चमचा दाबला. अळंबीसारखं छोटं डोकं बसलं. पलीकडच्या टोकालाही तसंच केलं.

तिने हात वर केला. तो वरच राहिला. अर्धा खाली आणला, तिथेही राहिला.

“घ्या, ताताय.”

त्याने तो कोपर आत घेतला, अगदी बरगडीपाशी, आणि काठीचं टोक वर नाही, मागे वळवलं. मोकळा हात पुढे. मग बाहुला टेबलावर ठेवला आणि बोटं काढून घेतली.

बाहुला उभा राहिला. वीतभर प्लास्टिक ते, पण रोसेंदा एक पाऊल मागे सरली. तिला वाटलं, आता हा श्वास घेईल. इतकी वर्षं बापाची काठी बघितली, पण काठी लपवून रिकामा हात पुढे करणारा हा माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता. शेजारच्या घरात कुणीतरी भसाड्या आवाजात माईकवर गात होतं, तेही तिला ऐकू येईना.

भिंतीला टेकवलेली वेताची काठी घेऊन ती तशी उभी राहिली. पाय, कंबर, खांदा, कोपर.

“आणि मारणार कोण तुला? वारा?” नानायने दाराला कडी घातली आणि खराटा उचलला. “माझ्यावरच घोटलाय हा त्यांनी. येते बघ.”

म्हातारी इतकी झपकन येईल, असं रोसेंदाला वाटलंच नव्हतं. रिकाम्या हाताने खराटा अडवला, काठी मागून कुठून आली ते तिचं तिलाच समजलं नाही, आणि खराटा नानायच्या हातातून उडून छपराला लागला. काड्या खाली पडत राहिल्या. रोसेंदा हुंदका देऊन हसली.

“जमलं! ताताय, जमलं!”

ताताय तिच्याकडे बघत नव्हता. त्याने बाहुला पुन्हा जवळ ओढला, अंगठ्याने त्याचा कोपर तांदळाच्या दाण्याएवढा वर उचलला आणि सोडला. पिनेने तो तिथेच धरला.

नानायने वाकून नीट पाहिलं. मग जमिनीवरचा खराटा उचलला.

“कोपर पडला तुझा,” ती म्हणाली. “उभी राहा परत.”