जाहिरातीपुरतं बोलणं

प्रियदर्शनी एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि गेममध्ये मधेच टपकणाऱ्या जाहिरातींवर तिचा भारी राग. "न विचारता घरात शिरून फ्रीज उघडणारे पाहुणे आहेत हे," असं ती म्हणायची. कोथरूडच्या घरी तिचे सासरे नागोराव दिवसभर मोबाइलवर पत्ते खेळत. दर डावानंतर जाहिरात लागायची. नवऱ्याच्या फोनवरच्या जाहिराती तिनं आधीच बंद केल्या होत्या; एका रविवारी सासऱ्यांच्याही फोनवरच्या सगळ्या बंद करून टाकल्या. नागोराव खूश झाले. "आता कसं, सलग खेळता येतं."

आठवड्याभरानं सासूबाई स्वयंपाकघरात तिच्याजवळ आल्या. "अगं, त्या जाहिराती परत आणता येतील का?"

"तुम्हाला कशाला हव्यात, आई?"

"जाहिरात लागली की हे फोन बाजूला ठेवून माझ्याशी बोलायचे. गुडघा कसा आहे, विचारायचे. चहा चांगला झालाय, म्हणायचे. आता मान वर करत नाहीत."

प्रियदर्शनीला हसू आलं. तिनं नागोरावांच्या फोनवर जाहिराती पुन्हा चालू करून दिल्या. मग आतल्या खोलीत गेम खेळत बसलेल्या नवऱ्यापुढे हात केला. "तुझाही फोन दे जरा."