परतीचं तिकीट

"काका, त्या कॅरिबियन बेटावर आपल्याला व्हिसा लागतच नाही," ट्रॅव्हल एजंट खुशीत म्हणाली. "सहा महिने चालणारा पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता, झालं! उतरणार कुठे?"

"मुलाच्या खोलीवर." काकांनी पत्त्याची चिठ्ठी पुढे सरकवली.

"मग त्याचा फोन नंबर सांगा."

"घरमालकिणीचा लिहा. किल्ली तिच्याकडे आहे."

तिने लिहिला. "आणि परत कधी?"

"चौथ्या दिवशी."

"एवढ्यात? अहो, इतक्या लांब जाताय, समुद्र तरी निवांत बघा!"

"समुद्र नको. मुलाला घेऊन लगेच निघायचं आहे."

"तोही येतोय? अरे वा! मग येताना दोन सीट शेजारशेजारच्या बघते. खिडकीजवळ कोण बसणार?"

काकांनी खिशातून घडी केलेला एक फॉर्म काढला आणि टेबलावर हाताने नीट सपाट केला.

"एकच सीट करा. त्याची पेटी खाली सामानात येणार आहे. ह्यात वजन विचारलंय. इथून गेला तेव्हा अडुसष्ट किलो होता. तेवढंच लिहू ना?"