राखेची वाटी

ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमध्ये फादरांनी मदतीसाठी राखेची वाटी हातात दिली, तेव्हा अपोलिनबाईंना वाटलं, चला, आज एकेकाला त्याची जागा दाखवू. "तू माती आहेस, मातीलाच मिळशील," असं बजावत त्या रांगेतल्या कपाळांवर अंगठ्याने क्रूस काढू लागल्या.

दारुड्या इनासला त्यांनी नाक मुरडत राख लावली. उपासाच्या दिवशीही नटून आलेल्या मास्तरीणबाईंना चांगली दुप्पट फासली. जिच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं ती धाकटी जाऊ रेजिना समोर आली, तेव्हा अंगठा असा रगडला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या न्यायाआधी देव असल्यांना सावध तरी करतो, त्यांच्या मनात आलं. आपण तेवढीही दया केली नसती.

चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपल्यावर हात धुऊन त्या बाहेर आल्या, तर पायरीवर रेजिना थांबलेली.

"जाऊबाई, तुमचं कपाळ कोरंच आहे."

गावाला राख फासण्याच्या नादात स्वतः लावून घ्यायचंच राहिलं होतं. रेजिनाने आपल्या कपाळावरची राख अंगठ्यावर घेतली आणि त्यांच्या कपाळावर हलक्या हाताने क्रूस काढला. मातीचं मात्र ती काही बोलली नाही.