दूर राहावे

“दूर राहा म्हटलं की या बाया जवळ येतात,” हर्षित साहेबांनी टेबलावर हात आपटला. “बहिऱ्या आहेत का सगळ्या?”

समोरच्या भिंतभर पडद्यावर शहर पसरलं होतं. सिग्नल, चौक, कचऱ्याच्या गाड्या, पाण्याच्या टाक्या, सगळं या एका थंडगार खोलीतून चालायचं. बागेतलं कारंजंसुद्धा. ते आता भर उन्हात, बघायला कुणी नसताना नाचत होतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात मात्र शहर नव्हतं. तिथे आटगावच्या पलीकडचा एक पाडा दिसत होता, कारण धरणातून शहराकडे येणारी मोठी जलवाहिनी त्या पाड्याच्या दारातून जात होती. पाड्याचं नाव नकाशावर नव्हतं. नुसतं ‘व्हॉल्व्ह चौदा’ असं लिहिलं होतं.

वाहिनीत दाब वाढला की त्या व्हॉल्व्हमधून पाणी उडायचं. मग शेजारच्या खांबावरचा कर्णा आपोआप बोलायचा, ‘सावधान. पाण्याचा दाब वाढला आहे. नागरिकांनी जलवाहिनीपासून दूर राहावे.’ आणि कर्णा वाजला रे वाजला, की बाया हंडे घेऊन धावत यायच्या.

का येतात, ते त्या खोलीत फक्त स्नेहलला ठाऊक होतं. कर्ण्यातला आवाज तिचा होता. नोकरीला लागली तेव्हा साहेबांनीच ते वाक्य तिच्याकडून बोलून घेतलं होतं. आणि पाडाही तिचाच होता. कर्णा पहिल्यांदा वाजला तेव्हा तिच्या आईनं, काशीनं, आवाज ओळखला आणि ती घरोघर सांगत सुटली, “आमची स्नेहल बोलते. पानी आलंय म्हून सांगते.”

“अगो, पन ती तर दूर राहा सांगते,” शेजारची रखमी म्हणाली.

“ती सरकारी बोली. त्यांना तसंच बोलायला लागतं. आपली पोर आपल्याला पान्यापासून दूर जा कशी सांगंल?”

रखमीला पटलं. सगळ्या पाड्याला पटलं. विहीर होळीलाच आटायची, धरण उशाला आणि कोरड घशाला, तिथे हे न पटून कुणाला परवडणार होतं? घरी हे ऐकलं तेव्हा स्नेहल पोट धरून हसली होती. आता पडद्यावर आई चुंबळ डोक्यावर ठेवून हंडा भरायला वाकलेली दिसत होती आणि तिला हसू येत नव्हतं.

“संध्याकाळी पाहणीला मोठी माणसं येतायत. मला हा लाल ठिपका दिसायला नको,” साहेब म्हणाले. माणसं व्हॉल्व्हजवळ गेली की नकाशावर लाल ठिपका लागायचा. “ते रेकॉर्डिंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू तिकडचीच ना? माइक घे. त्यांच्या भाषेत सांग. नाहीतर गाडी पाठवतो आणि व्हॉल्व्हला लोखंडी पेटी घालून कुलूपच ठोकतो.”

पेटी बसली की संपलं. आज बाया निघून गेल्या तर उद्या तरी त्यांना येता येईल. स्नेहलनं माइक ओढला.

“आये, मी स्नेहल बोलते. पान्याला हात लावू नका. सगळ्या घरी जा.”

पडद्यावरच्या बाया थबकल्या. कर्ण्यानं आजवर कुणाला ‘आये’ म्हटलं नव्हतं. काशीनं मान वर करून खांबाकडे पाहिलं. मग तिनं आपला भरलेला हंडा उचलला आणि मातीत उपडा केला. रखमीचा हंडा उपडा केला. शेजारणीची कळशी हिसकावून घेतली आणि ओतून दिली. रखमीच्या नातीनं पाण्याची ओंजळ तोंडाला लावली होती. काशीनं तिचे हात झटकले, तिला खाली वाकवलं, तोंडात बोट घालून पोटात गेलेला घोट ओकायला लावला आणि पदरानं तिचे ओठ खसाखसा पुसले.

स्नेहलला क्षणभर काही कळेना. मग कळलं. पाण्यात विष असल्याशिवाय आपली पोर असं सांगणार नाही, एवढंच आईला समजलं होतं.

बाया रिकामे हंडे घेऊन पाड्याकडे निघाल्या. ठिपका हिरवा झाला. पाणी मात्र उडतच होतं, आता नुसतं मातीत जात होतं. मातीबद्दल साहेबांची काही तक्रार नव्हती.

“वा,” साहेब म्हणाले. “बघ, आपल्या माणसाचं कसं ऐकतात. उद्यापासून तिथे तूच बोलायचं.”

स्नेहलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला साहेबांचा राग आला, त्या नाचऱ्या कारंज्याचा आला. सगळ्यात जास्त आला तो आपल्या जिभेचा. वर्षभर आपण आईला दूर राहा म्हणत होतो आणि आई त्याचा चांगलाच अर्थ काढत होती. आज पहिल्यांदा तिच्या बोलीत बोललो, तर हे बोललो.

तिनं पुन्हा माइक ओढला.

“आता काय? काम झालं,” साहेब म्हणाले. “स्नेहल, बंद कर तो.”

पडद्यावर काशी सगळ्यांच्या मागे, रखमीच्या नातीला कडेवर घेऊन चालली होती. कर्णा खरखरला तशी ती थांबली.

“आये, माघारी फिर,” स्नेहल म्हणाली. “तूच खरं सांगत व्हतीस. पानी आलंय.”