विहिरीतला रंग

तिने खिडकी लावून घेतली, तरी वास आत येतच राहिला.

शेजारच्या अंगणात भंगारवाला पायांनी चादरी तुडवत होता. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या आईच्या चादरी. बादलीतलं पाणी तपकिरी झालं होतं. तुडवून झाल्यावर त्याने हात पँटला पुसले, खिशातलं बिस्कीट मोडलं, अर्धं कुत्र्याला दिलं आणि अर्धं स्वतः खाल्लं.

काचेतून बघत तिने पदर नाकाला लावला.

"बघतेस कशाला मग?" नवरा म्हणाला.

"बघायला कशाला लागतंय? नाकाला कळतं."

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. न तपासलेल्या नमुन्यापुढे तिने कधी 'तपासला' असं लिहिलं नव्हतं. कामाची पेन्सिलही ती घरी आणत नसे. जे करायचं ते प्रभूच्या हातात द्यायचं आहे असं समजून करायचं, एवढाच तिचा नियम होता. स्वतःच्या साहेबांचा फोन आला की "घरी नाही म्हणून सांग" असं तिला सांगणं नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सोडून दिलं होतं. "आमच्या घरातली पालसुद्धा पुराव्याशिवाय चुकचुकत नाही," असं तो मित्रांना सांगायचा.

विहिरीभोवती सहा घरं होती, सगळी चर्चच्या मंडळीच्या मालकीची. विहिरीच्या पाण्यात मैल्यातले जंतू सापडले होते. चार मुलांना जुलाब लागले होते, पाळकांची नात सलाईनवर होती. कोणाची तरी सेप्टिक टाकी झिरपत होती, आणि ती कोणाची, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

मंडळीच्या पंचांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो उपासनेला येत नसे. चपला काढून तो दारातच उभा राहिला.

"माझी टाकी शाबूत आहे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी आत उतरून मी स्वतः गिलावा केलाय."

"टाकीत? तुम्ही स्वतः?" एका पंचाने नाकाला रुमाल लावला.

"मग काय तुम्ही उतरणार होता, दादा?"

पाणी तिनेच तपासलेलं, म्हणून तीही बैठकीला होती. तेव्हा तिने रंगाचा उपाय सांगितला. गडद हिरवा, बिनविषारी रंग संडासात ओतायचा. टाकी फुटकी असेल तर दोन-तीन दिवसांत तो विहिरीत उतरतो.

"आणि उतरला तर?" पाळकांनी विचारलं. "टाकी दुरुस्त करून देऊ की आपण."

"टाकी फुटली तर तो अपघात," ती म्हणाली. "पण देवासमोर, मंडळीसमोर हा खोटं बोलला असेल, तर तो अपघात नाही."

भंगारवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "रंग आला तर घर सोडतो, बाई. नाही आला तर एकदा आमच्याकडे चहाला या."

त्याच्या घरचा कप कसा असेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं.

शनिवारी सकाळी भंगारवाला फेरीवर निघाला. दार उघडंच ठेवलंय, असं सांगून गेला. रंग हाताळणाऱ्याने त्या दिवशी नमुना घ्यायचा नाही, हा तिच्या कामातला पक्का नियम. बोटाला चिकटलेला एक थेंबही निकाल बिघडवतो. म्हणून रंगाआधीचा नमुना घ्यायला ती विहिरीवर थांबली आणि रंगाची बाटली घेऊन नवरा भंगारवाल्याच्या घरी गेला.

ती घरी परतली तेव्हा तो चूळ भरत होता. चेहरा पांढराफटक.

"काय झालं रे?"

"म्हातारी... सगळं तिथेच. चादरी, माशा. विचारू नकोस."

"आणि रंग?"

त्याने रिकामी बाटली पुढे केली. तिने ती उजेडात धरून पाहिली.

"मागून दोन बादल्या पाणी ओतलंस ना?"

"ओतलं."

तिने वहीत वेळ लिहिली, सात वाजून दहा मिनिटं. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्या घाणीत शिरला बिचारा.

सोमवारी बादली वर आली ती हिरवीगार. बायका ओरडल्या. भंगारवाला धावत आला, बादलीत वाकून कितीतरी वेळ बघत राहिला.

"बाई, रंग खोटं बोलत नाही ना?"

"नाही."

"मग माझंच कुठे तरी चुकलं असेल."

संध्याकाळी त्याने हातगाडीवर गादी टाकली, आईला उचलून निजवलं, तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. म्हातारी सारखी विचारत होती, "कुठे रे, बाळा?" तो गाडी ढकलत राहिला. गाडी कोपऱ्यावर वळली. खिडकीतून बघणाऱ्या तिने कशालाच हात लावला नव्हता, तरी साबणाने दोनदा हात धुतले.

भंगारवाल्याची टाकी उपसून बंद केली. विहिरीत औषध टाकलं. रविवारी पाळकांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली आणि तिचं नाव घेतलं. ती मान खाली घालून बसली.

तीन आठवड्यांनी तिने पुन्हा पाणी तपासलं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. रात्री जेवणाआधीची प्रार्थना झाली, तशी तिने ताट बाजूला सारलं.

"जंतू परत आलेत," ती म्हणाली. "पहिल्याइतकेच. टाकी रिकामी, घर रिकामं. मग हे येतंय कुठून? रंग तर त्याच्याच संडासातून आला होता."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला.

"मी आत गेलोच नाही गं," तो म्हणाला. "त्याच्या दारातच ओकारी आली. तुला रिकामी बाटली दाखवायची होती, म्हणून घरी येऊन आपल्याच संडासात ओतली."