चौथी चिठ्ठी

घरी येऊन मत घेणारं पथक दुसऱ्यांदा दारात उभं होतं आणि इंद्रजीतची आई, अंजनाबाई, न्हाणीघराची कडी लावून आत बसली होती.

“आई, मॅडम थांबून राहिल्या. किती वेळ?”

आतून फक्त नळाचा आवाज आला.

पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरबसल्या मत देता येतं, म्हणून त्यानेच तिच्या नावाने अर्ज भरला होता. मे महिन्यातलं रायपूरचं ऊन आणि आईचं वय शहाऐंशी. परवा पथक आलं तेव्हा ती शेजारच्या गोदावरीबाईंकडे जाऊन बसली होती. आज ही तऱ्हा. शेवटी मॅडमनी कागदावर शेरा मारला.

“भैया, अब ये केंद्र पर भी वोट नहीं डाल पाएँगी,” त्या बजावून गेल्या.

इंद्रजीत स्वतः कधी मत द्यायला गेला नव्हता. एका मताने काय दिवे लागणार, असं त्याचं म्हणणं. आई मात्र एकही निवडणूक चुकवत नसे. केंद्रावरच्या लोकांना म्हणून डब्यात शंकरपाळे भरायची आणि बरोब्बर तीन वाजता, भर उन्हात, गोदावरीबाईंना घेऊन निघायची. सगळ्या चौबे कॉलनीत तिचं कौतुक होतं.

घरी मतदार तीन: तो, बायको अपर्णा आणि आई. निवडणुकीआधी घरोघरी वाटतात त्या मतदार-चिठ्ठ्या मात्र दरवेळी चार यायच्या. चौथी बहिणीची, शर्मिष्ठाची. वीसेक वर्षांपूर्वी, राज्य नवं झालं त्या वर्षी तिने कोणाला न विचारता लग्न केलं होतं. बाबांनी मरताना सगळ्यांकडून शब्द घेतला: तिने या घरात यायचं नाही, आपण कोणी तिच्या दारी जायचं नाही. इंद्रजीतने तो शब्द आजवर कडक पाळला होता. यादीतून नाव काढायचं तेवढं राहून गेलं. ती चिठ्ठी आई गुपचूप उचलून ठेवायची, आणि त्याबद्दल तिला कोणी काही विचारत नसे.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. गोदावरीबाईंना ऊन लागलं होतं, त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. अडीच वाजता आईने डबा भरला.

“मले केंद्रावर ने.”

“तुले मत टाकू देणार नाहीत, आई. काहून जिवाले त्रास करून राहिली?”

“तू ने. नाही तर एकटी जाईन.”

तिने चपला पायात सरकवल्यासुद्धा. वयाने डोकं फिरलं की काय, या धास्तीने इंद्रजीतने गाडी काढली. वाटेत ती दोनदा म्हणाली, “मले फाटकापाशी सोड अन् तू घरी जा.” त्याला ते अजूनच भीतीदायक वाटलं.

शाळेच्या आवारात बायकांची रांग लांबच लांब होती. तो पाणी घेऊन आला तोवर मागच्या एका बाईने आईच्या डोक्यावर छत्री धरली होती. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, इथल्या सगळ्या स्कूटीवाल्या बायकांसारखा. आई तिला टेकून उभी होती.

“दीदी, बहुत मेहरबानी,” इंद्रजीत म्हणाला.

बाईने नुसती मान हलवली.

“तू सावलीत बस न,” आई म्हणाली.

“तुले अशी सोडून? काहीही बोलते.”

रांग सरकत होती, पण आईला घाई दिसेना. पाय दुखतात म्हणत तिने इतर तिघी-चौघींना पुढे जाऊ दिलं. छत्रीवाली बाई मात्र तशीच थांबली. तासाभराने ते आत पोचले. टेबलावरच्या साहेबांनी यादी पाहिली.

“माताजी, आपका तो घर पर होना था. यहाँ नहीं होगा.”

आई आता रडणार, म्हणून इंद्रजीतने तिचा दंड धरला. ती फक्त मान डोलावून “हव” म्हणाली आणि बाजूला झाली. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याच्या लक्षात आलं, आईच्या हातात डबा नाही. तो मागच्या बाईच्या पिशवीतून डोकावत होता.

“बहनजी, चेहरा दिखाइए,” साहेब म्हणाले.

बाईने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले. बाईने गॉगल काढला, मग स्कार्फ सोडला. साहेबांनी यादीवर बोट ठेवलं आणि बाकावर बसलेल्या पक्षांच्या एजंटांना ऐकू जावं म्हणून, प्रत्येकीचं वाचत होते तसं, मोठ्याने वाचलं:

“चार सौ ग्यारह. शर्मिष्ठा, पिता नत्थू मेश्राम.”